गोंबोच्या तळावरचा धूर

शार-तोहोय खोरं,
वानरवर्ष, शरदाचा मधला महिना, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

चिरंजीव गोंबो यास,

ताईचा आशीर्वाद. सगळे धडधाकट आहात ना? शरद सुखाचा चाललाय ना? दुलमाची कंबर कशी आहे, पोरी शाळेत रमल्या का? गुरं पुष्ट आहेत ना, हेही विचारते. तुझ्याकडे गुरं नाहीत हे मला ठाऊक आहे, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. आमची पुष्ट आहेत. मेंढीच्या पाठीवर हात ठेवला तर कणा बोटांना लागत नाही, एवढी चरबी धरलीय यंदा.

तुझे दाजी बरे आहेत. बाबा मजेत आहेत. जेवतात, झोपतात, घोड्यावर बसू नका म्हटलं की हटकून बसतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

तू म्हणशील, तीन वर्षांत या बाईने एक ओळ पाठवली नाही आणि आज एकदम पत्र. तूही पाठवली नाहीस, तेव्हा फिटंफाट. काम नसतं तर आजही लिहिलं नसतं.

काम तुझ्या हिवाळी तळाचं आहे. तो तळ मला एका माणसासाठी हवाय. तोमोर नावाचा तरुण आहे, पश्चिमेकडच्या तालुक्यातून आलाय, बायको आणि तीन लेकरं आहेत, धाकटं अंगावरचं आहे. बर्फ पडायच्या आत त्याला आडोशाची जागा मिळाली नाही तर त्याला इथून निघावं लागेल, आणि कुठे जाईल ते त्यालाही माहीत नाही. खोऱ्यात मोकळा तळ एकच, तुझा. तू जिवंत असताना तुझ्या तोंडच्या शब्दाशिवाय तिथे कुणी चूल मांडणार नाही. जित्या माणसाच्या चुलीवर दुसऱ्याने आग पेटवली तर त्याचा अर्थ काय होतो, हे तुला मी सांगायला नको. पुढच्या महिन्यात पुरेवने सगळ्यांची बैठक बोलावलीय. तिथे तू उभा राहून हो म्हण किंवा नाही म्हण.

हे एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तुला इथलं काहीच माहीत नाही, आणि माहीत नसताना शहरात बसून तू उंटावरून शेळ्या हाकशील. म्हणून आधी इथलं सगळं ऐक.

माझ्या हाती आयतंच साधन आहे. तालुक्याला ऐंशी वर्षं होतायत, त्याचं पुस्तक निघणार आहे. कचेरीत एक नवा साहेब आलाय, चष्मेवाला, पोरगेलासा, स्वभावाने गरीब. तो मला म्हणाला, “यान्जमाताई, तुम्ही आरोग्यसेविका, घरोघरी फिरता. चौथ्या विभागाचा भूगोल आणि लोकसंख्या तुम्हीच लिहा. दोन पानं पुरेत.” मी म्हटलं, लिहिते की. मग विचारतो, “तुमच्या डोंगराचं नाव आणि उंची?” आता काय सांगू त्याला. थोरल्याचं नाव आपण त्याच्या देखत घेत नाही, आणि तो तर खिडकीतून समोरच दिसत होता. मी नुसती हनुवटी उडवली. तो म्हणतो, “ताई, हनुवटी छापता येत नाही.” शेवटी त्याला बाहेर नेलं, थोरल्याकडे पाठ करून उभं केलं आणि कानात नाव सांगितलं. उंची त्याची त्याने बघावी.

तर भूगोल असा. उत्तरेला थोरला, दक्षिणेला मिठाचं तळं, मधून आपली नदी, जी यंदा उन्हाळ्यात दोनदा वाळूत बुडाली आणि दोनदा वर आली. तळ्याकडचं गवत आखूड आणि खारट, मेंढ्यांना मानवतं. वर थोरल्याच्या पायथ्याशी गवत उंच पण वारा फार. वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा मोजून नऊ बेचक्या आहेत, आणि त्या नऊ बेचक्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी नऊ तळ बांधले. दहावा बांधायला जागा नाही. साहेबाला हे पटत नव्हतं. एवढा मोठा प्रदेश आणि जागा नाही म्हणजे काय, म्हणाला. मी म्हटलं, साहेब, एक हिवाळा उघड्यावर मेंढ्या राखून बघा, मग भूगोल आपोआप समजेल. हसला बिचारा. लिहून घेतलं नाही मात्र.

आता लोकसंख्या. ही तुलाही ऐकायला आवडेल. तळ्याकाठी बालजिद आजी अजून आहे. दात एकही नाही, जिभेला हाड तर कधीच नव्हतं. नातू मोटरसायकल घेऊन मिठाच्या दलदलीत रुतला, त्याला उंटाने ओढून काढला, तेव्हापासून ती मोटरसायकलला ‘चाकाचं वासरू’ म्हणते. तिच्या वरच्या अंगाला पुरेव, तो आता विभागप्रमुख आहे आणि तसाच चालतो. दोन जुळी घरं होती ना, लाल दारांची, ती दोन्ही शहरात गेली, तुमच्याच वस्तीजवळ कुठेतरी आहेत म्हणे. त्यांचे तळ गेल्या वर्षी रीतसर दिले गेले. दोघांनी येऊन, दूध शिंपडून, स्वतःच्या हाताने चुलीचा दगड उचलून दिला. रडले दोघेही, पण दिला. एक म्हातारा वारला, दोन पोरं जन्मली, एक मुलगी लग्न होऊन गेली. एवढीच हालचाल.

आणि मग तुझा तळ. थोरल्याच्या उजव्या खांद्याखाली, सगळ्यात चांगला आडोसा. मेंढरांच्या दगडी वाड्याची भिंत एका जागी ढासळली होती, ती दाजींनी रचली. आत लेंड्यांचा थर अजून गुडघाभर आहे, कोरडा खणखणीत. त्याच्यावर मेंढरं बसली तर उणे चाळीसलाही गारठत नाहीत. तीन हिवाळे तो थर नुसता पडून आहे. माझ्या अंगणातून बघितलं की दुसरं काही दिसायच्या आधी तोच दिसतो. तुम्हा चौघांना मी अजून खोऱ्याच्या माणसांत धरते. साहेबाला चौघं जास्तच सांगितली.

तुझ्यावर राग आहेच माझा, तो आत ठेवून कशाला लिहू. त्या झुदच्या हिवाळ्यात, सगळं गवत बर्फाखाली गोठलं तेव्हा, सगळ्यांचीच जनावरं गेली. आमची निम्मी गेली. तुझी सगळी गेली, हे खरं. पण बाबांनी स्वतःच्या मेंढ्या देऊ केल्या तेव्हा तू काय म्हणालास? “भिकेवर कळप उभा करणार नाही. येईन तर स्वतःचा कळप घेऊनच येईन.” अरे, बापाने दिलेलं म्हणजे भीक? आणि दुलमा बिचारी ट्रकवर बसून रडत होती, तिच्याकडे तरी बघायचं. मी तुमच्या मागे दूध शिंपडलं, ते निम्मं माझ्याच अंगावर उडालं.

शहरातली तुझी हकिगत मला साम्बूने सांगितली. पेट्रोलचा ट्रक घेऊन येतो तो. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. साम्बूच्या पोटात पाणी सोडून काही टिकत नाही, शपथ कुठून टिकणार. मोठ्या बाजारात हातगाडी ओढतोस. ओढ की. त्यात लाज कसली? घोडा नाही म्हणून माणूस गाडीला जुंपून घेतो, पोरांच्या पोटासाठी घेतो. कळप नाही म्हणून तू इकडे तोंड दाखवत नाहीस, ही लाज मात्र मला समजत नाही.

इथे थांबते. कुणीतरी हाक मारतंय.

दुसऱ्या दिवशी

काल पुरेवच्या धाकट्याने बटण गिळलं होतं. आज सकाळी निघालं. पुरेवची बायको मला ते धुऊन दाखवायला घेऊन आली, जसा काही दागिना सापडलाय. चहा पाजला आणि वाटेला लावलं.

साम्बूचा ट्रक उद्या निघणार आहे. म्हणजे आता आडून आडून लिहिण्यात अर्थ नाही. बाबांचं लिहिते.

बाबा विसरायला लागलेत. आधी लगाम कुठे ठेवला ते विसरायचे, त्यात काय, दाजीही विसरतात. मग मेलेल्या घोड्याला शोधायला निघाले एकदा. मग मला आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही, आणि नंतर वाटलं, द्यायला हवी होती.

तू गेल्यापासून दर सकाळी बाहेर येऊन ते आधी तुझ्या तळाकडे बघायचे. धूर आहे का बघायचे. नाही दिसला की चहा प्यायला आत यायचे. चहा निवेपर्यंत वाटी हातातच असायची.

या वसंतात धुळीचं वादळ आलं, वरून बर्फ. मी पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या खोकल्यासाठी गेले होते आणि तिथेच अडकले. वादळ ओसरल्यावर घरी आले तर बाबा नाहीत, घोडा नाही. दाजी मेंढरांच्या मागे. चहाचा थर्मासही नाही, वाळवलेल्या दह्याची पिशवीही नाही. घोडा वळवणार तेवढ्यात समोरून एक अनोळखी तरुण घोडा फेकत आला. म्हणाला, “आरोग्यताई तुम्हीच का? बायकोला कळा सुरू झाल्यात. आजोबा तिथेच आहेत, त्यांनीच इकडची वाट सांगितली.”

तो तोमोर. चाऱ्याच्या शोधात उरलीसुरली मेंढरं घेऊन निघालेला, वादळात सापडला, आणि समोर दिसला तुझा तळ. वादळात कुणीही कुणाच्याही तळावर टेकू शकतो, त्याला ना नाही. त्याने रीतही पाळली होती. तुझ्या चुलीच्या दगडांना हात लावला नव्हता, बाजूला वेगळी आग पेटवली होती. पण लांबून बाबांना दगड कुठले दिसायला. त्यांना धूर दिसला.

धूर दिसल्यावर त्यांनी काय केलं असेल? तेच, जे नव्याने उतरलेल्या घरासाठी कुणीही शेजारी करतो. चहा घेतला, खायला घेतलं, आणि निघाले.

मी आत गेले तर बाबा मागच्या मानाच्या जागी बसलेले, दोन्ही बाजूंना दोन लेकरं दह्याचे खडे चघळतायत. मला बघून म्हणाले, “यान्जमा, आला बघ गोंबो. म्हटलं नव्हतं मी? कळप घेऊन आलाय.”

बाहेर पंचवीस-तीस हाडकुळी मेंढरं उभी होती. तोच तो कळप.

मी तोमोरकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. वादात पडायला वेळ नव्हता, सारन, म्हणजे त्याची बायको, कळवळत होती. दुपारी मुलगा झाला. बाबांनी त्याच्या कानात तीनदा नाव सांगितलं, तुव्शिन. आजोबा म्हणून सांगितलं. तोमोरने ते नाव घेतलं, अजून तेच ठेवलंय.

नंतर मी तोमोरला बाहेर बोलावून चांगला फैलावर घेतला. “तुला स्वतःचं नाव नाही का रे? म्हाताऱ्या माणसाला फसवायला काही वाटत नाही?”

तो म्हणाला, “ताई, आम्ही परक्याच्या जागेत न विचारता उतरलेलो. दारात एक म्हातारा माणूस बर्फातून गरम चहा घेऊन येतो आणि ‘आलास का लेका’ म्हणतो. तेव्हा आधी चहा घ्यायचा की आधी ओळखपत्र दाखवायचं?”

यावर तुला उत्तर सुचत असेल तर कळव. दारी चहा घेऊन आलेल्या वडीलधाऱ्याला ‘तुमची चूक झाली’ असं मी तरी कुणाला म्हटलेलं नाही.

त्यांना मी आमच्या जवळ नदीकाठी उतरवून घेतलं. उन्हाळा तिथेच गेला. तोमोर कामाचा आहे. बोलतो कमी, खोगीर दुरुस्त करतो उत्तम, चिडला की स्वतःशीच शिट्टी वाजवतो. बाबा त्याला हाक मारतात, “गोंबो, घोड्यांना पाणी दाखवलं का?” आणि तो म्हणतो, “दाखवलं बाबा.” तुव्शिनला मांडीवर घेऊन बाबा तासन्‌तास बसतात. जेवण वाढलंय त्यांचं. सकाळी उठून आता थोरल्याकडे बघतात, तळाकडे नाही.

बालजिद आजी सगळ्यांना सांगत सुटली, “जिता मुलगा असताना दुसरा आणून बसवलाय, खऱ्यावर संकट येईल.” आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिला काय बोलणार. पण रात्रंदिवस डोक्यात राहिलं ते. म्हणून एक दिवस मी बाबांना खरं सांगितलं. समोर बसून, हात हातात घेऊन सांगितलं. बाबा, हा गोंबो नाही. हा तोमोर.

बाबा म्हणाले, “मग गोंबो कुठाय?”

“शहरात.”

“काय करतो?”

“काम करतो.”

“येणार कधी?”

गोंबो, तूच कधी कळवलं नव्हतंस तर मी कुठून सांगणार. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. गेर-तंबूच्या दारात बसून राहिले आणि तुझ्या तळाकडे बघत राहिले. दुसऱ्या सकाळी सगळं विसरले होते. बाहेर येऊन विचारलं, “गोंबो उठला का?” मी म्हटलं, “उठला. मेंढरं घेऊन गेला.”

त्या दिवसापासून मीही तेच बोलते. दाजीही बोलतात. सारनसुद्धा बाबांसमोर नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही. परवा लोकर भरताना पोतं माझ्या हातून निसटायला लागलं, मी घाईत ओरडले, “गोंबो, धर रे.” बाबा तिथे नव्हते. तोमोर “आलो ताई” म्हणाला, पोतं धरलं, आम्ही पुढचं पोतं भरायला घेतलं. चूक झाल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी दूध काढताना लक्षात आलं आणि मी धारेवरून उठून बाहेर गेले. गायीने लाथ मारून बादली सांडली. मी तशीच उभी राहिले.

म्हणून हे पत्र. तळाचं काम खरं आहे, तोमोरला तळ लागणारच आहे. पण ते नसतं तरी त्या संध्याकाळी मी लिहिलंच असतं. बाबा विसरले तर त्यांचं वय झालंय. मी कशी विसरले?

तळ द्यायचा असेल तर येऊन दे. तुझ्या हाताने दगड उचलून तोमोरच्या हातात ठेव, मी दूध शिंपडेन. द्यायचा नसेल तरी येऊन सांग. तुला स्वतःला परत राहायचं असेल तर तळ तुझाच आहे, कुणी आड येणार नाही, तोमोरला मी काय ते समजावेन आणि तो समजेलही. माझ्या जिवाला लागेल, पण तो माझा प्रश्न. निरोप मात्र पाठवू नकोस. साम्बूबरोबर नुसता हो किंवा नाही आलं तर मी ते बैठकीत सांगणार नाही, तसं पुरेवला सांगूनही ठेवलंय. कळप आणू नकोस. बाबांच्या हिशेबी कळप आलेला आहे. रिकाम्या हाताने ये, दुलमाला आणि पोरींना घेऊन ये. साम्बू भाडं घेणार नाही, त्याला मी बघते.

आता जे लिहायला दोन दिवस लागले ते लिहिते. तू आलास की बाबा तुला पाहुण्याच्या जागी बसवतील. तपकिरीची डबी पुढे करतील. कुठल्या तालुक्याचे, यंदा गवत कसं आहे तुमच्याकडे, असं विचारतील. तोमोर तिथेच असेल. तो उठून बाहेर जायला तयार आहे, त्याने मला तसं आपणहून सांगितलंय. जाऊ द्यायचं की बसू द्यायचं, स्वतःचं नाव सांगायचं की नुसता चहा प्यायचा, ते तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही. कदाचित तू हाक मारशील आणि त्यांना आवाज ओळखू येईल. मला तशी आशा आहे. नाही आला ओळखू, तर बाहेर येऊन माझ्याजवळ रड, मी आहे.

पण लवकर ये. अजून ते ‘गोंबो’ हे नाव विसरलेले नाहीत.

तुझी बहीण, आणि तशीच वेळ आली तर बापाशी तुझी ओळख करून देणारी,
यान्जमा